अंदाजाला माप देणाऱ्या ‘रुचिरा’कार कमलाबाई ओगले

नवी दिल्ली : मराठी घरांत स्वयंपाकाची विद्या पिढ्यानपिढ्या पुस्तकाविना चालत आली. सासूने करावे, सुनेने पाहावे आणि सरावाने हाताला अंदाज यावा, अशी ती रीत होती. हा अंदाज वाटी-चमच्याच्या मापात बसवून घराबाहेर पडलेल्या नव्या पिढीच्या हाती देण्याचे श्रेय लेखिका व पाककला-शिक्षिका कमलाबाई ओगले यांच्याकडे जाते.

कमलाबाईंचा जन्म १९१३ मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यातील कुंडल या गावी झाला. गावालगतच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली होती. पुढे याच घराण्याच्या प्रकाशनसंस्थेने कमलाबाईंचे नाव घरोघरी नेले. त्यांचे शालेय शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत झाले. विवाहानंतर त्या सांगलीच्या ओगले कुटुंबात आल्या आणि सासूबाईंच्या हाताखाली स्वयंपाकात निपुण झाल्या. जे शिकल्या, ते त्यांनी पुढे इतर स्त्रियांना शिकविले.

मराठीत पाकशास्त्राची पुस्तके त्यापूर्वीही होती. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० मध्येच प्रसिद्ध झाले होते. मात्र १९५६ च्या कायद्यानंतर शेर-छटाक मागे पडून किलो-ग्रॅम रूढ झाले आणि जुन्या मापांची सवय मोडली. त्याच सुमारास नोकरीनिमित्त तरुण कुटुंबे गाव सोडून शहरांत विखुरली. चकलीला मोहन किती घालावे, लाडवाचा पाक कितपत मुरू द्यावा, हे विचारायला जवळ वडीलधारे माणूस उरले नाही. ही विद्या हातातच राहिली असती, तर एकत्र कुटुंबाबरोबर तीही विरून गेली असती.

‘रुचिरा’ १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. तराजू नसलेल्या घरातही वाटी आणि चमचा असतोच, हे ओळखून कमलाबाईंनी पदार्थांचे प्रमाण त्याच मापांत दिले. कृती सोप्या मराठीत, क्रमवार मांडली. पुस्तकाच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. नवविवाहितेला आहेरात ‘रुचिरा’ देण्याची प्रथाच पडली आणि कमलाबाई एक लाख सुनांची सासू म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

या पुस्तकाचे मोल महाराष्ट्राबाहेर अधिक जाणवते. दिल्लीत पहाडगंज परिसरातील नूतन मराठी विद्यालय आणि बृहन्महाराष्ट्र भवन ही मराठी समाजाची परिचित ठिकाणे आहेत. अशा परप्रांतीय वस्तीत शाळेने भाषा जपली, गणेशोत्सवाने सण जपले. पण पुरणपोळी, भाजणी आणि लोणच्याची चव जपण्याचे काम प्रत्येक घराला स्वतःच्याच ओट्यावर करावे लागते. माहेर-सासर शेकडो कोस दूर असलेल्या गृहिणीला त्यासाठी मोजून सांगणारे कोणी हवे असते. ‘रुचिरा’ने ती उणीव भरून काढली.

कमलाबाईंचे १९९९ मध्ये निधन झाले. त्यानंतरही ‘रुचिरा’च्या आवृत्त्या निघत राहिल्या. चौथीपर्यंत शिकलेल्या एका गृहिणीने घरकामात गणल्या जाणाऱ्या कौशल्याला शिकता आणि शिकविता येणाऱ्या विद्येचा मान मिळवून दिला, हे त्यांच्या कार्याचे सार होय.