मार्कंड्याच्या ४०९ मूर्ती

गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेत भाविक मुख्य देवळाच्या भिंतींवरील शिल्पे डोळे भरून पाहतात आणि पुढे सरकतात. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी साठीच्या उंबरठ्यावरचा एक निवृत्त लष्करी अभियंता याच भिंतींसमोर उभा राहिला आणि त्याने ती शिल्पे मोजली. त्यांचे नाव अलेक्झांडर कनिंगहॅम. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा पाया त्यांनी घातला.

कनिंगहॅम यांचा जन्म २३ जानेवारी १८१४ रोजी लंडनमध्ये झाला. वडील अ‍ॅलन कनिंगहॅम स्कॉटलंडचे कवी. पण त्यांची सुरुवात पाथरवटाच्या कामापासून झाली होती. मुलगा ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात अभियंता झाला आणि विशीच्या आत भारतात आला. कोलकात्यात जेम्स प्रिन्सेप यांचा सहवास मिळाला आणि जुनी नाणी व लेख वाचण्याचा नाद लागला.

१८३५च्या सुमारास त्यांनी सारनाथला उत्खनन केले. निवडक मूर्ती कोलकात्याला पाठवल्या, उरलेल्या तिथेच राहिल्या. पुढे वरुणा नदीवरील पुलाखालचा तळ खचू नये म्हणून त्यांतल्या चाळीसहून अधिक मूर्ती आणि कोरीव दगड नदीत टाकण्यात आले. दगडसुद्धा कायमचा नसतो, हे या तरुण अभियंत्याला लवकरच दिसले. वस्तू नाहीशी झाली की तिची नोंद तेवढी हाती राहते, आणि ती नोंदही चुकीची असेल तर काहीच उरत नाही.

१८६१ मध्ये ते मेजर जनरल म्हणून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी पुरातत्त्व सर्वेक्षक म्हणून नेमले गेले. काही वर्षांनी सरकारने हे खाते बंद केले. १८७१ मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि कनिंगहॅम त्याचे महासंचालक झाले. १८७३-७४ आणि १८७४-७५ या दोन मोसमांत त्यांनी मध्य प्रांताचा दौरा केला. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे तेव्हा चांदा या एकाच जिल्ह्यात होते.

भद्रावतीला, म्हणजे तेव्हाच्या भांदकला, त्यांनी विजासन टेकडीतील बौद्ध लेणे पाहिले. आत अंधार, वाट अरुंद. त्यांची नोंद मात्र स्वच्छ आहे. मुख्य मार्ग डोंगरात सरळ ७१ फूट, म्हणजे साडेएकवीस मीटरच्या आसपास आत जातो. त्याच्या टोकाला बैठी भव्य बुद्धमूर्ती आहे. प्रवेशाजवळून डावीउजवीकडे काटकोनात आणखी दोन मार्ग फुटतात आणि त्या प्रत्येकातही बुद्धमूर्ती आहे. वाचणाऱ्याला कागदावर आराखडा काढता यावा, इतके हे वर्णन नेमके आहे. दिशा, अंतर आणि तिथे काय आहे, या तीन गोष्टी लेण्याच्या कोणत्याही सर्वेक्षणाला लागतातच.

मार्कंड्याला त्यांनी हीच शिस्त मूर्तींना लावली. मुख्य देवळावर मानवी मूर्तींच्या तीन ओळी, प्रत्येक ओळीत ४५ चौकटी, म्हणून १३५ मूर्ती. त्याखाली ४५ हंसांची एक ओळ आणि ४५ मुखवट्यांची एक. वरच्या बाजूला माकडांची रांग. सगळ्या मिळून ४०९ आकृत्या त्यांनी मोजल्या. मधल्या सिंह आणि हत्तींचा आकडा मात्र त्यांनी दिला नाही. ते साधारण याच्या निम्मे असावेत, एवढेच लिहिले. मोजले ते आकड्यात सांगितले, अंदाज केला तो अंदाज म्हणून सांगितला. या दोहोंची सरमिसळ झाली की पुढच्या माणसाला कशावर विसंबावे ते कळत नाही.

निष्कर्षांत कनिंगहॅम यांच्या चुका झाल्या. सातव्या शतकात आलेला चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग याने वर्णन केलेला कोसल देश त्यांनी विदर्भात मानला. आज अभ्यासक दक्षिण कोसल सामान्यतः छत्तीसगडकडे मानतात. त्यांचा तर्क बाजूला पडला, तरी ७१ फूट आणि ४०९ आकृत्या यांचे काही बिघडले नाही. पाहिलेले आणि त्यावरून वाटलेले त्यांनी वेगवेगळे ठेवले होते, म्हणून एक चूक दुसऱ्याला लागली नाही.

वैद्यकाच्या इतिहासातही असेच घडले आहे. चांद्याच्या जंगलातील हिवताप त्या काळी दूषित हवेमुळे होतो असे मानत. ताप पावसाळ्यानंतर आणि पाणथळ भागात वाढतो, ही निरीक्षणे खरी होती. कारण चुकले होते. १८८० मध्ये लाव्हरान यांना रुग्णाच्या रक्तात परजीवी दिसला आणि १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात तो शोधला, तेव्हा कारण बदलले. जुन्या निरीक्षणांचा अर्थ मात्र आता नीट लागला.

म्हणूनच रुग्णाच्या केसपेपरवर आधी तपासणीत काय आढळले ते लिहायचे असते आणि निदान त्याखाली. उजवी बाजू म्हणजे रुग्णाची उजवी, डॉक्टरची नव्हे. लेण्यातही मूर्तीचा उजवा हात पाहणाऱ्याच्या डावीकडे असतो. कोणाची उजवी ते ठरवून न घेता दोघांनी नोंदी केल्या, तर एकाच मूर्तीची दोन वर्णने तयार होतात. यकृताची सूज आढळली नाही आणि यकृत तपासलेच नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. लेण्यात लेख नाही आणि अंधारामुळे ती भिंत पाहता आली नाही, यांतही तेवढाच फरक आहे. रकाना रिकामा सोडला तर तो फरक पुसला जातो.

कनिंगहॅम १८८५ मध्ये निवृत्त होऊन मायदेशी परतले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंडस नावाची आगबोट श्रीलंकेच्या किनाऱ्याजवळ बुडाली आणि त्यांच्या संग्रहातील बऱ्याच वस्तू तिच्याबरोबर समुद्रात गेल्या. त्यांच्या आणि त्यांच्या सहायकांच्या पाहणीचे २३ खंडांचे अहवाल मात्र शाबूत राहिले. २८ नोव्हेंबर १८९३ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. मार्कंड्याच्या भिंतीवरची एखादी चौकट आज रिकामी दिसली, तर मूळ ओळीत ४५ चौकटी होत्या, हे त्या अहवालातून आजही ताडून पाहता येते.