हिल्डे ब्रूख

हिल्डे ब्रूख (११ मार्च १९०४, ड्युल्केन, जर्मनी – १५ डिसेंबर १९८४, ह्यूस्टन, अमेरिका) या जर्मनीत जन्मलेल्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ व मनोविश्लेषक होत्या. लहान मुलांचा लठ्ठपणा आणि ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हा मानसिक विकार यांवरील संशोधनासाठी त्या ओळखल्या जातात. या विकारात माणूस वजन वाढण्याच्या भीतीने स्वतःची उपासमार करतो. अति खाणे आणि न खाणे हे वरवर पाहता परस्परविरोधी विकार असले, तरी दोहोंच्या मुळाशी स्वतःच्या भुकेची व भावनांची नीट ओळख नसणे असू शकते, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता.

बालपण आणि शिक्षण

ब्रूख यांचा जन्म जर्मनीच्या पश्चिम सीमेजवळील ड्युल्केन या छोट्या गावात एका ज्यू कुटुंबात झाला. सात भावंडांत त्या तिसऱ्या. गणितज्ञ व्हावे अशी त्यांची इच्छा होती. परंतु ज्यू मुलीला गणितापेक्षा वैद्यकात उपजीविकेची शाश्वती अधिक, असा सल्ला त्यांच्या एका काकांनी दिला आणि त्या वैद्यकाकडे वळल्या. १९२९ मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठातून त्यांनी वैद्यकातील डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर कील व लाइपझिग येथे त्यांनी शरीरक्रियाविज्ञान व बालरोगशास्त्र यांत काम केले. विद्यापीठांतील वाढत्या ज्यूद्वेषामुळे त्यांनी अध्यापन-संशोधनाचा मार्ग सोडला आणि ड्युसेलडॉर्फजवळील राटिंगेन येथे स्वतःचा दवाखाना काढला.

देशत्याग

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ज्यू डॉक्टर, वकील व व्यापारी यांच्यावर देशभर बहिष्कार पुकारण्यात आला. ब्रूख यांनी काही आठवड्यांतच जर्मनी सोडली. वर्षभर लंडनमध्ये काम करून १९३४ मध्ये त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या आणि कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न असलेल्या मुलांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. १९४० मध्ये त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. युरोपात राहिलेले त्यांचे काही निकटचे नातेवाईक नाझींच्या वंशसंहारात बळी पडले. आईवडील गमावलेल्या हर्बर्ट या पुतण्याला त्यांनी पुढे स्वतःकडे आणून वाढवले. त्या स्वतः अविवाहित राहिल्या.

लठ्ठ मुलांचा अभ्यास

१९३७ मध्ये ब्रूख यांनी लठ्ठ मुलांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. मुलांचा लठ्ठपणा हा पियूषिका ग्रंथीतील बिघाडाचा परिणाम आहे, असे त्या काळातील बहुसंख्य डॉक्टर मानत आणि अशा मुलांना ग्रंथींच्या अर्काची औषधे देत. ब्रूख यांनी मुलांची उंची, हाडांची वाढ व वयात येण्याचा काळ यांची मोजमापे घेतली. बहुतेक लठ्ठ मुले समवयस्कांपेक्षा उंच होती आणि त्यांची वाढ वेळेवर किंवा थोडी लवकरच होत होती. ग्रंथींचा दोष असता, तर वाढ खुंटलेली दिसायला हवी होती. निदान बहुसंख्य मुलांच्या बाबतीत तरी हे स्पष्टीकरण टिकत नव्हते.

मग त्यांनी मुलांच्या घरांकडे लक्ष वळवले. यांतील अनेक कुटुंबे स्थलांतरितांची होती. दारिद्र्य व उपासमार सोसलेल्या आयांना मुलाचे भरलेले ताट म्हणजे सुरक्षितता आणि प्रेम वाटे. त्याच वेळी मुलाला एकटे खेळू देणे वा बाहेर पाठवणे त्यांना धोक्याचे वाटे. १९४० मध्ये ग्रेस टूरेन यांच्यासह ब्रूख यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाळ गुटगुटीत असावे आणि त्याने दोन घास अधिक खावेत, ही मराठी घरांतही परिचित असलेली इच्छा या अभ्यासाच्या विषयापासून दूर नाही.

मुलांचे मन समजून घेण्यासाठी बालरोगशास्त्र अपुरे पडते, हे जाणवल्यावर ब्रूख यांनी १९४१ ते १९४३ या काळात बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स येथे मानसोपचाराचे शिक्षण घेतले. फ्रीडा फ्रॉम-राइखमान व हॅरी स्टॅक सलिव्हन या मनोविश्लेषकांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. न्यूयॉर्कला परतून त्यांनी खाजगी व्यवसाय व कोलंबिया विद्यापीठातील अध्यापन सुरू केले. १९६४ मध्ये त्या ह्यूस्टन येथील बेलर वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक झाल्या.

भुकेची ओळख

भूक ही उपजत असली, तरी ती ओळखणे मूल शिकत जाते, असे ब्रूख यांचे प्रतिपादन होते. बाळ भुकेने, थंडीने, वेदनेने किंवा एकटेपणानेही रडते. आईने कारण ओळखून प्रतिसाद दिला, तर कोणत्या अस्वस्थतेला भूक म्हणायचे हे बाळाला हळूहळू कळते. प्रत्येक रडण्यावर अन्न हेच उत्तर मिळाले, किंवा भुकेकडे दुर्लक्ष झाले, तर ही ओळख कच्ची राहते. अशी व्यक्ती मोठेपणी दुःखात, रागात वा कंटाळ्यातही खात राहते.

या विचाराने मानसशास्त्रज्ञांना प्रयोगांची दिशा दिली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅनली शॅक्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सामान्य वजनाच्या व्यक्तींनी पोट भरलेले असताना बिस्किटे कमी खाल्ली, तर लठ्ठ व्यक्तींच्या खाण्यात पोट भरल्याने घट झाली नाही. पुढील संशोधनात मात्र लठ्ठ आणि सडपातळ यांच्यातील हा भेद इतका सरळ नसल्याचे आढळले.

ॲनोरेक्सियावरील कार्य

‘ॲनोरेक्सिया’ या शब्दाचा अर्थ भूक नसणे असा असला, तरी या रुग्णांच्या मनात सतत अन्नाचेच विचार असतात, याकडे ब्रूख यांनी लक्ष वेधले. १९६२ मध्ये त्यांनी या विकाराची तीन लक्षणे मांडली : हाडे दिसू लागली तरी आपण जाड आहोत असे वाटणे, भूक, थकवा यांसारख्या शरीराच्या सूचना न उमगणे, आणि आपल्या हातात काहीच नाही ही खोलवरची भावना. इतरांच्या अपेक्षा पुऱ्या करण्यात वाढलेल्या आज्ञाधारक मुलीला शरीर हे एकच क्षेत्र स्वतःच्या ताब्यातील वाटते, असे त्यांचे निरीक्षण होते. हा विकार प्राणघातक ठरू शकतो.

उपचारांबाबत त्यांनी स्वतःची दिशा बदलली. मनोविश्लेषकाने रुग्णाच्या मनाचा अर्थ लावून सांगण्याची रूढ पद्धत अशा रुग्णांना घातक ठरते, कारण पुन्हा दुसरेच कोणी त्यांच्या भावना ठरवत असते, असे त्यांना आढळले. त्याऐवजी रुग्णाचे म्हणणे ऐकून घेऊन त्याला स्वतःच्या भावना ओळखण्यास मदत करावी, असा आग्रह त्यांनी धरला. अतिशय कृश झालेल्या रुग्णाचे पोषण आधी काही प्रमाणात सुधारल्याशिवाय मानसोपचार उपयोगी पडत नाहीत, हेही त्यांनी स्पष्ट केले.

ग्रंथसंपदा

* ‘द इम्पॉर्टन्स ऑफ ओव्हरवेट’ (१९५७)
* ‘ईटिंग डिसऑर्डर्स’ (१९७३) : लठ्ठपणा व ॲनोरेक्सिया यांचा एकत्रित विचार करणारा त्यांचा प्रमुख ग्रंथ.
* ‘लर्निंग सायकोथेरपी’ (१९७४)
* ‘द गोल्डन केज’ (१९७८) : सत्तर रुग्णांच्या अनुभवांवर आधारित, सामान्य वाचकांसाठी लिहिलेले पुस्तक. आपण सोन्याच्या पिंजऱ्यातील चिमणी आहोत, या एका रुग्ण मुलीच्या कल्पनेवरून त्याला नाव दिले आहे.
* ‘कन्व्हर्सेशन्स विथ ॲनोरेक्सिक्स’ (१९८८, मरणोत्तर)

टीका व मूल्यमापन

ब्रूख यांच्या मांडणीत दोषाचा भार प्रामुख्याने आईवर पडतो, अशी टीका झाली. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील दत्तक व्यक्तींच्या अभ्यासात त्यांच्या शरीराचा बांधा दत्तक पालकांशी नव्हे, तर जन्मदात्यांशी जुळतो असे दिसले. त्यामुळे लठ्ठपणातील आनुवंशिकतेचे महत्त्व अधोरेखित झाले. ॲनोरेक्सियाच्या आजच्या कुटुंबाधारित उपचारांत आईवडिलांना दोषी न मानता सहकारी मानले जाते.

वजन कमी करूनही सतत अन्नाच्याच चिंतेत राहणाऱ्यांसाठी ब्रूख यांनी ‘सडपातळ लठ्ठ’ अशा अर्थाची संज्ञा वापरली होती. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासातही तशीच संज्ञा आढळते. तेथे मात्र तिचा अर्थ वजनाने कमी, परंतु त्या मानाने शरीरात चरबी अधिक असलेली नवजात बालके असा आहे.

अखेरची वर्षे

१९७८ मध्ये ब्रूख यांना बेलर महाविद्यालयात गुणश्री प्राध्यापकपद मिळाले. उत्तरायुष्यात त्यांना कंपवाताने ग्रासले. तरीही त्यांचे लेखन चालू राहिले. १५ डिसेंबर १९८४ रोजी ह्यूस्टन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या अनेक निष्कर्षांत पुढे दुरुस्ती झाली असली, तरी शरीराची विकृत प्रतिमा हे त्यांनी अधोरेखित केलेले लक्षण ॲनोरेक्सियाच्या निदानात आजही विचारात घेतले जाते.