मुकुंदराव जयकर : रस्त्यांचा विचार करणारे बॅरिस्टर

पालकहो, वाघोलीत नगर रोडवर स्कूल बस अडकली की मुलं विचारतात ना, गाड्या आपोआप चालायला लागल्या तर ही कोंडी सुटेल का? त्यांना मुकुंदराव जयकरांबद्दल सांगा.

पुणे विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय तुम्हाला ठाऊक असेल. ते याच जयकरांच्या नावाचं. १९४८ साली ते या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. जन्म १८७३चा. पेशाने बॅरिस्टर, पुढे फेडरल कोर्टाचे न्यायाधीश. इंजिनिअर मात्र नव्हते! तरीही १९२७ साली देशाच्या रस्ते विकास समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं.

तेव्हा मोटारी वाढत होत्या आणि रस्ते होते बैलगाडीच्या काळातले. दुरुस्तीचा खर्च प्रांतांना आणि स्थानिक बोर्डांना झेपेना. समितीने १९२८च्या अहवालात सांगितलं, की हा साऱ्या देशाचा प्रश्न आहे. पेट्रोलवर जादा कर घ्या आणि तो रस्त्यांवरच खर्च करा. १९२९ मध्ये तसा केंद्रीय रस्ते निधी सुरूही झाला.

अभियंत्यांनी एकत्र बसून विचार करावा, ही शिफारसही त्यांचीच. त्यातून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. (नावात काँग्रेस असली तरी पक्षाशी संबंध नाही बरं का!) रस्त्याची रुंदी, वळणं, पांढरे पट्टे कसे असावेत, याचे नियम आजही हीच संस्था ठरवते. आपोआप चालणारी गाडी कॅमेऱ्याने हेच पट्टे बघते. ते पुसट असले की तीही चाचपडते.

जयकर १९५९ साली गेले. उद्या बस अडकली, तर मुलांना खिडकीतून पट्टे शोधायला सांगा. किती सापडतात बघू.