कॅलिप्सोचा कप्तान

मुरगावजवळच्या ग्रँड आयलंडवर किंवा मालवणजवळच्या तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग करणारा पर्यटक तोंडात जो रबरी तुकडा घट्ट धरतो, त्यामागे एक छोटी झडप असते. श्वास घेतला की ती उघडते, थांबवला की मिटते. आणि भोवतालच्या पाण्याचा जितका दाब, तितक्याच दाबाची हवा ती देते. या युक्तीमुळे पाणबुड्या जहाजाला जोडलेल्या हवेच्या नळीतून सुटला आणि माशासारखा आडवा पोहू लागला. १९४३ मध्ये ही झडप सिद्ध करणाऱ्या दोघांपैकी एक जाक-ईव्ह कुस्तो.

त्यांचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समधील बोर्दोजवळच्या सँ-आंद्रे-द-क्युब्झाक या गावी झाला. नौदलात शिरलेल्या कुस्तोंना खरे तर वैमानिक व्हायचे होते. १९३६ मधील मोटार अपघातात त्यांचे हात मोडले आणि आकाश कायमचे दुरावले. हातांत पुन्हा बळ यावे म्हणून ते तुलाँजवळच्या समुद्रात पोहू लागले. तेथे फिलिप तायये या सहकारी अधिकाऱ्याने त्यांना पाण्यात डोळ्यांना लावायचा चष्मा दिला. पाण्याखालचे जग प्रथमच स्पष्ट दिसले आणि आयुष्याची दिशा ठरली.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये पेट्रोल दुर्मीळ झाले. मोटारी गॅसवर चालविण्यासाठी एमिल गान्याँ या अभियंत्याने एक झडप तयार केली होती. कुस्तोंचे सासरे त्याच कंपनीत अधिकारी होते. त्या ओळखीतून दोघे एकत्र आले. मार्न नदीतील पहिल्या चाचणीत उभे राहिले की हवा वाया जाई, डोके खाली केले की श्वास ओढवेना. उच्छ्वासाचे तोंड झडपेच्या पडद्याशेजारी, समान पातळीवर आणताच हा दोष गेला. मात्र समुद्राने या शोधाची किंमत वसूल केली. १९४७ मध्ये मोरिस फार्ग हा सहकारी १२० मीटरपर्यंत गेला. त्याला वर ओढून घेतले, पण तो वाचला नाही.

१९५० मध्ये एका दानशूर ब्रिटिश गृहस्थाने सुरुंग काढणारे एक जुने जहाज विकत घेऊन ते वर्षाला एक फ्रँक भाड्याने कुस्तोंच्या हवाली केले. ते ‘कॅलिप्सो’. तिच्यावरूनच तांबड्या समुद्रात ‘थिसलगॉर्म’ सापडले. १९४१ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात बुडालेले हे मालवाहू जहाज मोटारसायकली आणि ट्रक पोटात घेऊन तळाशी पडले होते. पुढे त्याचा ठावठिकाणा विस्मृतीत गेला. १९९० च्या दशकात ते पुन्हा सापडले आणि आज साहसी पाणबुड्यांचे तीर्थक्षेत्रच झाले आहे.

‘द सायलेंट वर्ल्ड’ या चित्रपटाने १९५६ मध्ये कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळविले. आज तो पाहवत नाही. माशांची मोजदाद करण्यासाठी प्रवाळात सुरुंग उडवला जातो. जहाजाच्या पंख्याने घायाळ झालेल्या व्हेलच्या पिलावर तुटून पडलेल्या शार्कना खलाशी ओढून काढून ठेचतात. ‘त्या काळी असेच असे’ हे समर्थन मला अपुरे वाटते. कुस्तोंचे चरित्र वाचनीय ठरते ते त्यांनी हे सारे करूनही नंतर दिशा बदलली म्हणून. १९५४ मध्ये त्यांनी अबुधाबीच्या समुद्रतळाचे तेलासाठी सर्वेक्षण केले होते. तेच कुस्तो १९६० मध्ये भूमध्य समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्याच्या योजनेविरुद्ध उभे राहिले. हे परिवर्तन एका रात्रीत झाले नाही. १९६३ मध्ये सुदानच्या किनाऱ्याजवळ शाब रुमी येथे त्यांनी पाण्याखाली वस्ती उभारली, तिच्या खर्चाचा काही भाग तेल उद्योगानेच उचलला होता. तेथे दहा मीटर खोल घरात माणसे महिनाभर राहिली.

१९६८ पासून त्यांच्या दूरचित्रवाणी मालिकेने समुद्र घराघरांत नेला. १९७१ मध्ये कॅलिप्सो बेलीझच्या ‘ग्रेट ब्लू होल’मध्ये शिरली. सुमारे ३०० मीटर व्यासाच्या या गर्द निळ्या विवरात चाळीसेक मीटरवर चुनखडीचे लोंबते स्तंभ आहेत. असे स्तंभ कोरड्या गुहेतच घडतात. म्हणजे हिमयुगात समुद्र खाली असताना ही गुहा होती. मोहिमेनंतर हे नाव जगभरच्या पाणबुड्यांच्या यादीत गेले.

१९७९ मध्ये लिस्बनजवळ विमान अपघातात धाकटा मुलगा फिलिप गेला. १९९६ मध्ये सिंगापूरला एका बार्जच्या धडकेने कॅलिप्सो बुडाली. ती वर काढली गेली, पण पुन्हा समुद्रावर निघाली नाही. २५ जून १९९७ रोजी पॅरिसमध्ये कुस्तोंचे निधन झाले.

शाब रुमीला त्यांच्या छोट्या पाणबुडीचे घुमटाकार गॅरेज अजून उभे आहे. त्यावर आता प्रवाळ वाढले आहेत आणि पाणबुडे आत पोहून जातात.