कै. विष्णुपंत दामले आणि बोलपटाचा आवाज

पुण्यातील प्रभात रोड ठाऊक नाही असा विद्यार्थी आपल्यांत विरळाच आढळेल. स्वारगेटहून डेक्कन जिमखान्याकडे गेले की पुढे तो लागतो. परंतु ज्या प्रभात फिल्म कंपनीवरून त्यास हे नाव पडले, तिच्या चालकांपैकी बहुतेकांस केवळ व्ही. शांताराम यांचेच नाव आठवते. ते स्वाभाविकही आहे. पडद्यावर जे दिसते त्याची कीर्ती लवकर पसरते. जे ऐकू येते ते कोणी ऐकू येण्याजोगे केले, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. प्रभातच्या आरंभीच्या बोलपटांतील शब्द प्रेक्षकांच्या कानांपर्यंत ज्यांनी पोहोचविला, त्या विष्णुपंत दामले यांचे चरित्र म्हणूनच येथे सांगावयाचे योजिले आहे.

विष्णुपंत गोविंद दामले यांचा जन्म 1892 साली कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील पेण येथे झाला. त्यांची ओढ चित्रकलेकडे होती व तीच त्यांस कोल्हापुरास घेऊन गेली. तेथे आनंदराव व बाबूराव पेंटर हे बंधू नाटकांचे पडदे रंगवीत असत. चलच्चित्रे स्वतः निर्माण करावी असा ध्यास या दोघांनी घेतला होता. पण त्यासाठी लागणारा कॅमेरा विलायतेहून आणण्याइतका पैसा कोणापाशी होता? आनंदराव 1916 साली निवर्तले. बाबूरावांनी मात्र उद्योग सोडला नाही. त्यांनी कॅमेरा घरीच घडविला, आणि त्या कामी त्यांचा उजवा हात होते दामले. यंत्र उघडून पाहावे, बिघडलेला भाग ओळखावा, मिळत नसेल तो कानशीने घासून स्वतः तयार करावा, ही विद्या त्यांस कोणत्याही महाविद्यालयाने शिकविली नव्हती. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा सैरंध्री हा मूकपट 1920 साली लोकांपुढे आला, तो याच खटपटीचे फळ होय.

पुढे 1929 च्या जून महिन्यात दामले, त्यांचे जिवलग मित्र फत्तेलाल, केशवराव धायबर व शांताराम या चौघांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. भांडवलाची बाजू सीताराम कुलकर्णी यांनी सांभाळली. तुतारी फुंकणारी स्त्री हे कंपनीचे बोधचिन्ह ठरले. आरंभीचे चित्रपट मुके असल्यामुळे ती तुतारीही मुकीच होती, ही एक गंमतच म्हणावयाची.

ती मुकी फार दिवस राहिली नाही. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात आलम आरा हा हिंदुस्थानचा पहिला बोलपट झळकला आणि मूकपटांचे दिवस भरले. प्रभातलाही बोलावे लागणार हे उघड झाले. पण बोलविणार कोण? दामले त्या वेळी चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. त्यांचा अर्धा जन्म रंग, पडदे व देखावे यांत गेला होता. अशा वयात माणूस हाती असलेल्या कलेवर निर्वाह करू पाहतो. दामल्यांनी मात्र ध्वनिलेखनाचे संपूर्ण नवे शास्त्र शिकावयास घेतले आणि प्रभातच्या पहिल्या बोलपटाचे ध्वनिलेखन स्वतःच्या शिरावर घेतले. अयोध्येचा राजा हा तो बोलपट 1932 च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. मराठी भाषा पडद्यावरून प्रथम ऐकू आली ती त्यातून. गोविंदराव टेंबे व दुर्गाबाई खोटे यांची त्यात प्रमुख कामे होती.

हे काम किती अवघड होते याची कल्पना येण्यास त्याची रीत थोडी समजून घेतली पाहिजे. नटाचा शब्द मायक्रोफोनवर पडला की त्याची विद्युल्लहर होते. त्या लहरीच्या चढउताराप्रमाणे एका बारीक फटीतून फिल्मच्या कडेवर प्रकाश पडतो, आणि फिल्म धुतल्यावर तेथे आवाजाची एक चिंचोळी पट्टी उमटते. चित्रगृहात याच्या उलट क्रिया घडते. दिव्याचा प्रकाश त्या पट्टीतून जातो, पलीकडील प्रकाशग्राही नळी त्याची पुन्हा वीज करते, आणि पडद्यामागील कर्ण्यातून शब्द बाहेर पडतो. फिल्म दर सेकंदास दीड फूट या वेगानेच धावली पाहिजे. वेग किंचित डळमळला तरी गळा कापरा होतो. धुताना पट्टी अधिक काळी झाली की शब्द फाटतो. शिवाय कॅमेऱ्याची खडखड, झाडावरचा कावळा, दूर कोठे तरी चाललेले जाते, हे सारे मायक्रोफोन मुकाट्याने टिपून घेतो. आपले कान नको ते वगळून हवे तेवढेच ऐकतात. यंत्रास ही निवड येत नाही. ती ध्वनिलेखकाने करावी लागते.

येथे थोडे विषयांतर करतो, पण ते अगदीच अस्थानी होणार नाही. वय झालेल्या माणसांची एक तक्रार घरोघरी ऐकू येते, की आवाज येतो पण शब्द कळत नाही. मुले चिडतात व आवाज वाढवितात. त्याने काही साधत नाही. कारण असे, की अंतःकर्णात ध्वनी ग्रहण करणाऱ्या ज्या सूक्ष्म पेशी असतात त्यांपैकी उंच स्वरांच्या पेशी आधी झिजतात. आपल्या बोलण्यातील स्वर जोरकस व खालच्या पट्टीतले असतात. स, श, त, थ यांसारखी व्यंजने दुबळी व उंच पट्टीतली असतात. म्हणून हात, भात, सात, रात हे चारही शब्द आजोबांना एकसारखेच वाटतात. सर्वच आवाज सरसकट मोठा केला तर आकार तेवढा मोठा होतो, व्यंजन बुडालेलेच राहते. ही तक्रार हट्टाची नव्हे, इंद्रियाची आहे, हे मुलांनी ध्यानात ठेवावे. आणि पालकांनी घरच्या वृद्धांचे कान वेळीच तपासून घ्यावे.

माझ्या वडिलांस आजकालचे चित्रपट मुळीच कळत नाहीत, पण प्रभातचे जुने बोलपट बरेच कळतात. पुष्कळ दिवस मी याचे श्रेय त्यांच्या स्मरणशक्तीस देत असे. विचार करता कारण निराळे दिसते. आरंभीच्या बोलपटांत अनेक ध्वनिपट्ट्या एकत्र मिसळण्याची सोय फारशी नव्हती, त्यामुळे संवादाखाली वाद्यवृंद अखंड वाजत ठेवणे कठीण होते. नट मायक्रोफोनच्या टप्प्यात राहून एकेक अक्षर सुटे बोलत, आणि त्यांपैकी अनेकांची वाणी रंगभूमीवर घडलेली होती. आजचा चित्रपट चित्रगृहातील अनेक कर्ण्यांसाठी रचलेला असतो व संवाद बहुधा पडद्यामागील मधल्या कर्ण्यातून येतो. तोच घरी दूरदर्शन संचाच्या पाठीमागे बसविलेल्या दोन लहानशा स्पीकरांत कोंबला की शब्द संगीताखाली गाडला जातो. आमच्या घरी लाकडी पेट्यांचे दोन जुने स्पीकर अडगळीत पडले होते. त्यांतील कागदी शंकूची कड विरून चुरा झाल्यामुळे ते भरभरत असत. तपकीर गल्लीतील एका कारागिराने जुनी कड खरवडून नवी चिकटविली, आतील तारेचे वेटोळे मध्यावर आणले, आणि पेट्या बोलू लागल्या. त्या कानांच्या उंचीवर समोर ठेवून खर्ज कमी व तार अधिक केल्यावर वडिलांस निम्मे तरी संवाद उमगू लागले. दामल्यांसमोर असलेली अडचण लहान प्रमाणात हीच नव्हती काय? शब्द मोठा करावयाचा नव्हता, तो मोकळा करावयाचा होता.

असो. 1933 साली प्रभात कंपनी कोल्हापूर सोडून पुण्यास आली व एरंडवण्याच्या माळावर तिचा भव्य स्टुडिओ उभा राहिला. दामल्यांनी आता दिग्दर्शनातही लक्ष घातले. फत्तेलाल व दामले या जोडीचा संत तुकाराम 1936 साली आला. विष्णुपंत पागनीस यांनी तुकोबा व गौरी यांनी जिजाई साकार केली. मुंबईत तो एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि 1937 साली इटलीतील व्हेनिस येथील महोत्सवात गौरविला गेला. त्यानंतर गोपाळकृष्ण, संत ज्ञानेश्वर, संत सखू हे बोलपट झाले. एक मुसलमान व एक ब्राह्मण यांनी मिळून वारकरी संतांची चरित्रे पडद्यावर आणली, आणि त्यांतील कोणते काम कोणाचे हे वेगळे काढणे कठीण जावे इतके ते एकजीव झाले होते. मला स्वतःला या जोडीच्या यशात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

1942 साली शांताराम कंपनीतून बाहेर पडले. प्रभातला उतरती कळा लागली. 5 जुलै 1945 रोजी दामले निवर्तले. त्यांचे वय अवघे 52 होते. पुढे काही वर्षांतच कंपनीही बंद पडली. तिच्या जागेत 1960 साली सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था काढली आणि दामल्यांच्या स्टुडिओत विद्यार्थी ध्वनिलेखन शिकू लागले.

जुन्या फिल्म नायट्रेट नावाच्या अतिशय ज्वालाग्राही द्रव्याच्या असत. 2003 च्या जानेवारीत पुण्यातील फिल्म संग्रहालयाच्या कोठारास आग लागली, तीत प्रभातच्या कित्येक मूळ फिल्म जळून गेल्या. सुदैवाने त्यांच्या नकला आधीच काढून ठेविल्या होत्या. आज तुम्ही संत तुकाराम लावाल तेव्हा मागे पावसासारखी एक सूक्ष्म सरसर ऐकू येईल. ती नकलेवरून नकल काढताना व फिल्म झिजताना साठत गेलेली आहे. तिच्यातूनही जिजाईचा एकेक शब्द सुटा ऐकू येतो.