महमूद गावान : सरहद्दीवर जिंकला, दरबारात मारला गेला

बिदरला सहलीला गेलेली आपली मंडळी मदरशाच्या एकुलत्या उरलेल्या मिनारासमोर फोटो काढतात, निळ्या फरशा बघतात आणि पुढे किल्ल्याकडे जातात. मदरसा कोणी बांधला हे गाईड सांगतो. पण तो बांधणारा माणूस कसा गेला आणि त्याच्या जाण्याने दख्खनचं काय झालं, हे फारसं कोणी विचारत नाही. म्हणून आज ख्वाजा महमूद गावानबद्दल.

इराणच्या गीलान भागातलं मोठं घराणं. तिथल्या दरबारी कटकटींना कंटाळून महमूदने वतन सोडलं आणि व्यापार धरला. 1453 साली तो जहाजाने आपल्या कोकणातल्या दाभोळ बंदरात उतरला. तेव्हा वय चाळिशीच्या पुढे. बिदर बघून पुढे दिल्लीला जायचा बेत होता म्हणतात, पण बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदने त्याला ठेवून घेतलं आणि तो दख्खनचाच झाला.

त्या वेळचा बहमनी दरबार समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. दोन गट होते. एक दख्खनी, म्हणजे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, आणि त्यांच्याबरोबर बरेचसे हबशी. दुसरे आफाकी, म्हणजे इराण, तुराण, अरबस्तानातून नुकते आलेले. दोन्ही बाजूंना मुसलमानच. भांडण धर्माचं नव्हतं, जहागिरी आणि मानपानाचं होतं. हे भांडण फौजेत घुसलं की काय होतं, ते याच अलाउद्दीनच्या कारकिर्दीत दिसलं. खलफ हसन बसरी हा आफाकी सरदार कोकणच्या मोहिमेवर गेला. संगमेश्वरच्या जंगलात शिर्के आणि तिथल्या राजाने त्याला कोंडून फौजेसकट कापून काढलं. दख्खनी सरदारांच्या तुकड्या आत शिरल्याच नव्हत्या. जे जीव वाचवून चाकणच्या गढीत पोहोचले, ते फितूर झालेत असं खोटं पत्र सुलतानकडे गेलं, आणि आपल्याच सुलतानच्या हुकमाने त्यांची कत्तल झाली. शत्रूने अर्धी फौज मारली, उरलेली आपण मारली!

गावानने हे सगळं पाहिलं-ऐकलं होतं. हुमायून शाहने त्याला मलिक-उत-तुज्जार केलं. हुमायूननंतर तख्तावर लहान पोर, निजाम शाह. कारभार राजमाता, ख्वाजा-ए-जहान तुर्क आणि गावान या तिघांकडे. 1462 मध्ये माळव्याच्या महमूद खिलजीने थेट बिदर शहर घेतलं, तेव्हा गुजरातच्या महमूद बेगड्याची मदत आणून गावाननेच सल्तनत वाचवली. 1466 पासून, मुहंमद शाह तिसऱ्याच्या काळात, तो सल्तनतीचा वकील, म्हणजे सुलतानखालोखालचा माणूस झाला.

त्याची खरी कसोटी 1469 नंतरची कोकण मोहीम. खलफ हसन जिथे बुडाला तिथेच जायचं होतं. गावानने घाई केली नाही. आधी जंगल तोडलं, वाटा मोकळ्या केल्या. पावसाळा आला तेव्हा फौज कोल्हापूर भागात झोपड्या बांधून थांबवली. मग रांगणा, खेळणा म्हणजे आजचा विशाळगड, संगमेश्वर, असं एक एक घेत 1472 च्या सुरुवातीला विजयनगरकडून गोवा घेतला. पश्चिम किनाऱ्याचा घोड्यांचा व्यापार त्यामुळे बहमनींच्या हाती आला. ही तीन वर्षं सोपी नव्हती. त्याच्या पत्रांचा संग्रह 'रियाज-उल-इन्शा' आजही आहे, आणि कोकणातून लिहिलेल्या पत्रांत समोरच्या शत्रूइतकीच दरबारातल्या विरोधकांची तक्रार येते. सेनापती दऱ्याखोऱ्यांत आणि त्याची पाठ उघडी, असा तो मामला.

परत आल्यावर सुलतानने मोठा मान दिला. फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो की त्यानंतर गावानने आपली दौलत वाटून टाकली आणि साधे कपडे घातले. पुस्तकं मात्र ठेवली. मदरसा याच काळातला, 1472 चा.

मग त्याने तो कारभार हाती घेतला ज्याने त्याचा जीव गेला, असं आम्हाला वाटतं. आधी चार सुभे होते, प्रत्येकाचा तरफदार जवळजवळ राजाच. गावानने त्यांचे आठ केले. तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला, बाकी किल्लेदार थेट सुलतानच्या हुकमातले. सरदारांचा पैसा वाढवला, पण जितके स्वार कमी, तितका पैसा कापायचा. कागदावर पाचशे आणि मैदानात तीनशे, हा धंदा बंद. फौजेसाठी याहून चांगलं काही नव्हतं, पण ज्यांची कमाईच त्यावर होती ते गप्प बसणार थोडेच! पदं देताना त्याने दख्खनी-आफाकी तोल सांभाळला, पण खिशाला हात लागला की तोल कोण बघतो?

1481 मध्ये सुलतान तेलंगणाच्या मोहिमेवर होता. गावानचा विश्वासू यूसुफ आदिल खान दुसरीकडे लढायला गेलेला. मलिक हसन निजाम-उल-मुल्कच्या गटाने गावानच्या शिक्क्याच्या कारकुनाला दारू पाजून कोऱ्या कागदावर शिक्का मारून घेतला. त्यावर ओरिसाच्या राजाला चढाईचं आमंत्रण लिहिलं आणि कागद सुलतानपुढे ठेवला. सुलतान नशेत होता. मित्रांनी गावानला गुजरातकडे निघून जायला सांगितलं, तो गेला नाही. शिक्का आपला, मजकूर आपला नाही, एवढंच त्याने सांगितलं. चौकशी झाली नाही. 5 एप्रिल 1481 ला कोंडपल्लीच्या छावणीत सत्तरी ओलांडलेल्या या माणसाचं मुंडकं उडवलं.

मग सुलतानने त्याचा खजिना तपासायला लावला. फारसं काही निघालं नाही. पस्तावा झाला, पण आता सरदार ऐकेनात. यूसुफ आदिल खान आणि फतहुल्लाह इमाद-उल-मुल्क यांनी आपले तळ सुलतानच्या छावणीपासून लांब ठोकले. जिथे गावानचं डोकं सुरक्षित नाही तिथे आपलं काय, हा त्यांचा हिशेब. विजयनगरचा रोख पुन्हा गोव्याकडे वळला होता आणि सुलतानच्या भोवती जाणारी फौज मनाने फुटलेली होती. वर्ष व्हायच्या आत, मार्च 1482 मध्ये सुलतान वारला. तिशीही गाठली नव्हती.

मलिक हसन आता बालसुलतानचा कारभारी झाला आणि काही वर्षांत त्याचाही बिदरमध्येच खून झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद याने निजामशाही उभी केली आणि अहमदनगर वसवलं. यूसुफने विजापूर घेतलं, फतहुल्लाहने वऱ्हाड. बिदरच्या सुलतानकडे नाव तेवढं उरलं. आणि गावानने तीन वर्षं खपून मिळवलेला गोवा 1510 साली पोर्तुगीजांनी आदिलशाहीकडून घेतला, तो पुढे साडेचारशे वर्षं त्यांच्याकडेच राहिला.