दादासाहेब फाळके : उजेडाचे इंजिनीअर

धुंडिराज गोविंद फाळके म्हणजेच दादासाहेब. जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे हे नाव माझ्यासाठी जी. के.चं एक उत्तर होतं, बस्स! फोटोग्राफीचा नाद लागला, तेव्हा कुठे हा माणूस मला खरा कळला.

मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकून त्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला. तिथे प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेलं. स्टुडिओ सुटला, पण उजेडाचं वेड काही सुटलं नाही. पुढे सिनेमाच्या ध्यासात रात्रंदिवस डोळे ताणले आणि काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली. दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. यांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवली, १९१२ मध्ये लंडन गाठलं आणि कॅमेरा मागवला!

परतल्यावर कुंडीतल्या वाटाण्याची वाढ त्यांनी एकेक फ्रेम करून टिपली. मित्रांनो, यात किती कठीण काम आहे बघा. उजेड रोज बदलतो. एक्स्पोजर जरा चुकलं की पडद्यावर चित्र लुकलुकणार.

एक्स्पोजर तीन गोष्टींवर ठरतं : लेन्सचं छिद्र, शटरचा वेळ आणि फिल्मची संवेदनशीलता. दादासाहेबांच्या काळी फिल्म मंद होती. हँडल हाताने फिरवायचं, म्हणजे शटरचा वेळ त्या फिरवण्याशी बांधलेला. हाती उरलं छिद्र आणि ऊन. म्हणून 'राजा हरिश्चंद्र'चं शूटिंग सूर्यप्रकाशात झालं. पत्नी सरस्वतीबाई पांढरी चादर धरून उन्हाचा उजेड कलाकारांवर वळवत. फिल्म धुण्याचं कामही त्या शिकल्या. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला.

आमच्या वरठीला भंडारा रोड स्टेशनबाहेर मे महिन्यात भर दुपारी फोटो काढून बघा. डोळ्यांखाली काळ्या सावल्या येतात. एक्स्पोजर वाढवलं तर आकाश पांढरंफटक! अशा वेळी समोरून पांढरी चादर धरायची, सावली उजळते. सरस्वतीबाईंची ही युक्ती आजच्या मोबाईललाही तितकीच लागू पडते.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला दादासाहेब गेले. महागडा कॅमेरा नाही म्हणून रडणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यांच्याकडून एवढं जरी घेतलं, तरी पुष्कळ : आधी उजेड ओळखा, बटण नंतर दाबा.